पोडानं घेतली कारखान्याची मुलाखत

यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत आमचा कपडे शिवायचा कारखाना आहे. तिथं मशिनी दुरुस्त करणारा मी निजामुद्दीन. माहं डोकं लवकर तापते, हे मीच आधी सांगून टाकतो, नाईतर माही बायको अनवरी सांगनच. पण आज माहं नाई, इंदूबाईचं सांगतो. तीन नंबर लाईनीची सुपरवायझर इंदूबाई! या मे महिन्यात त्या बाईनं जे आठ दिवस काढले ना, बापा बापा! आठवलं का अजूनही छाती फुगते माही.

इंदूबाई दारव्ह्याची. नवरा भीमराज गेला तवा पोरगा राजदीप चौथीत होता. दारव्ह्याच्या आठवडी बाजारात झबली-टोपरी शिवून विकली अन् पोराले शिकवलं. आठ वर्षांआधी आमच्या कारखान्यात लागली ते धागे कापाले. हे सगळ्यात खालचं काम. दिवसभर उभं राहून शर्टाचे लोंबते दोरे कात्रीनं छाटायचे, बस. जेवणाच्या सुट्टीत बाकी बाया डबे उघडत अन् ही माह्यापुढं येऊन उभी राहे.

"निजामभाऊ, ही मशीन तुमी आत्ता दुरुस्त केली ना? मंग कोणी चालवून पाहाले पाह्यजे का नाई?"

पहिल्या दिवशी मी खेकसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर! अशी रोज चालवून पाहता पाहता बाही शिकली, कफ शिकली, कॉलर शिकली, अन् चार वर्षांत सुपरवायझर होऊन बसली. आवाज असा का सगळ्या मशिनी चालू असल्या तरी पार टोकापर्यंत जाते. कोणी नुसती मान डोलावली तर तिले खपत नाई. "मुंडी हलवू नको, तोंडानं सांग. हाव का नाई?" हे तिचं ठरलेलं बोलणं.

पण शिलाई काय, शिलाई कोणीही शिकते. इंदूबाईचा खरा गुण वेगळाच. माणूस शोधणं, अन् शोधलेलं माणूस टिकवणं! बाकीच्या लाईनीतून दर महिन्याले दोन-तीन बाया काम सोडून जात. तिच्या लाईनीतून कोणी जात नसे. माह्या पोरीचंच घ्या. अस्मा बारावी होऊन घरी बसलती. मी त्याच कारखान्यात कमावतो, पण पोरीले तिथं आणावं, हे माह्या डोक्यातही आलं नाई. एका रविवारी इंदूबाई घरी आली. माह्यासंग बोललीच नाई! सरळ सैपाकघरात घुसली अन् अनवरीजवळ कांदे चिरत बसली. अर्ध्या तासानं दोघी डोळे पुसत बाहेर आल्या, अन् अनवरी म्हणते, "अस्मा उद्यापासून कामाले जाणार." मले विचारलं कोणी? नाव नका घेऊ!

तांड्यावरच्या हंसाबाईले तिची सासू सोडत नव्हती. इंदूबाई त्या सासूजवळ दोन संध्याकाळी बसली. वैष्णवीच्या मायजवळ तर अख्खा दिवस. "निजामभाऊ, घरातली माय राजी झाली का अख्खं घर राजी," असं ती मले सांगे. तिची सगळी भरती अशी सैपाकघरातून होत आलती, अन् आजपर्यंत ती एकदाही चुकली नव्हती.

यंदा मार्चात शाळेच्या युनिफॉर्मची भली मोठी ऑर्डर आली. तीन नंबरच्या लाईनीत बारा मशिनी होत्या, त्याच्या चोवीस झाल्या. बारा खुर्च्या भराच्या होत्या. हे काम कंपनीनं कपिलसरले दिलं. कपिलसर म्हणजे नागपूरहून आलेला भरतीचा अधिकारी, पोरगा मनानं चांगला, पण उतावळा नवरा अन् गुडघ्याले बाशिंग! झरी जामणीच्या रोजगार मेळाव्यात गेला अन् एकाच पोडातल्या बारा पोरी एका दुपारी घेऊन टाकल्या. पोड म्हणजे कोलाम लोकायची जंगलातली वस्ती. पोरींले कारखान्यामागच्या होस्टेलात ठेवलं. त्यायचा फोटो काढून नोटीस बोर्डावर लावला अन् खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आमची विविधता, आमची ताकद.'

अन् पोरी होत्याही एक नंबर! बोलणं कमी, हात भारी. त्यातली नयन नावाची पोट्टी तर तीन आठवड्यांत कॉलर अशी बसवाले लागली का इंदूबाई तिचा शर्ट हातात घेऊन सगळ्या लाईनीले दाखवत फिरे.

मंग झालं काय, इंदूबाई चार-पाच दिवस राजदीपकडे नागपूरले गेली. तेवढ्यात नयन कपिलसरपुढं जाऊन उभी राह्यली. पेरणीच्या आधी पोडाची पूजा असते, आमाले साऱ्याइले तीन दिवस जाणं आहे, असं तिनं सांगतलं. कपिलसर म्हणते, "बाराही एकदम कशा जाल? अर्धी लाईन बंद पडेल. दोघी दोघी जा." नयन होस्टेलात निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी होस्टेलातले बाराही पलंग खाली! कपिलसरनं रजिस्टरात लाल पेनानं लिहिलं, 'पळाल्या'. चौथ्या दिवशी त्या बाराच्या बारा आपल्या पिशव्या घेऊन गेटावर हजर झाल्या. रजिस्टरात 'पळाल्या' लिहिलं होतं, म्हणून गेट उघडलं नाई. दोन तास उन्हात उभ्या राहून पोरी परत गेल्या.

त्याच दुपारी इंदूबाई नागपूरहून आली. बारा मशिनी झाकलेल्या पाहून तिनं कपिलसरले असं झापलं का काय सांगू! "अवो सर, पळणारी पोरगी पिशवी घेऊन परत येते का? थोडं तरी डोकं चालवा ना!"

पण फॅक्टरीचे मॅनेजर वामनरावसाहेब तेवढ्यावर थांबणारे नव्हते. बुधवार होता तो. त्यायनं इंदूबाईले केबिनमध्ये बोलावलं. मी तिथं पंखा पाहाले चढलतो, स्टुलावरून सगळं ऐकलं.

"इंदूबाई, जून तोंडावर आलाय. अर्धी लाईन मला परवडत नाही. पुढच्या बुधवारी सकाळी आठला ट्रक येईल. चोवीसच्या चोवीस मशीन चालू दिसल्या तर ठीक, नाहीतर सगळ्या उचलून दुसऱ्या कारखान्यात पाठवतो. लाईन बंद."

"अन् माह्या जुन्या बारा बाया, साहेब?"

"त्यांना घरी जावं लागेल. तुम्हाला धागे कापायला ठेवून घेईन."

इंदूबाईचं तोंड एवढंसं झालं. केबिनबाहेर आल्यावर मले म्हणे, "भाऊ, धागे कापाचं मले काही नाई, पहिलेही कापले. पण या बायांले मी त्यायच्या मायच्या हातातून मागून आणलं. आता कोणत्या तोंडानं परत नेऊन देऊ?" त्या बारांत माही अस्माही होती. मी गेटाकडे पाह्यलं अन् मशिनीकडे निघालो.

रविवारी सुट्टीच्या दिवशी आमी निघालो. माहा साला अय्याज दारव्ह्याच्या रस्त्यावर काळीपिवळी चालवते, त्याची जीप घेतली. पांढरकवड्याच्या पुढं रस्ता जंगलात शिरला तशी मले इंदूबाईनं पूर्ण योजना सांगतली. योजना कसली, तेच सैपाकघर! पोडात पोचल्यावर ती घरोघरी गेली. बारा घरी बसली, बारा घरी चहा पेली, बाराही मायांजवळ गेटाबद्दल हात जोडून माफी मागतली. अन् प्रत्येकीले विचारलं, "पोरीले पाठवसान ना? तोंडानं सांगा. हाव का नाई?" प्रत्येक माय हसून म्हणे, हाव.

परत येताना बाई जीपमध्ये टाळ्या वाजवून राह्यलती! "बाराच्या बारा, निजामभाऊ! मी म्हणलं नव्हतं का?" अय्याजले तिनं यवतमाळात थांबवून पेढे घेतले अन् आमाले तोंडात कोंबले.

सोमवारी पोरी येणार म्हणून सकाळी सहाले इंदूबाई यवतमाळच्या एसटी स्टँडवर. पांढरकवड्याची पहिली गाडी आली, कोणी नाई. दुसरी आली, कोणी नाई. तिसऱ्या गाडीतून एक म्हातारा अन् त्याची बकरी उतरली. नऊ वाजता तिचा मले फोन आला अन् तिचा तो एवढा मोठा आवाज मले नीट ऐकूही येईना. मी भडकलो. "खोटारडे लोक! बारा घरचा चहा पाजला अन् टोपी घातली!" ती म्हणे, "थांबा भाऊ. पेढे आपणच खाल्ले ना, त्यायनं तर नाई खाल्ले. मी नयनले फोन लावतो."

हो, "लावतो"च म्हणे ती. आमच्याकडे बाया कधी कधी तशाच बोलतात.

नयन फोनवर म्हणली, "मावशी, माय तर हाव म्हणली. तुमी पाहुण्या म्हणून आलत्या, पाहुण्याले तोंडावर नाई कोण म्हणन? पण चावडी बसली नाई ना."

इंदूबाईनं डोक्याले हात मारला. पोडात पोरीले पाठवाचं का नाई, हे माय ठरवत नाई, बापही ठरवत नाई. सगळं पोड चावडीत बसते, सगळे बोलतात, अन् सगळे राजी झाले तरच ते हाव खरं. एक जरी नाई म्हणला तर गोष्ट तिथंच थांबते. कपिलसरनं बारा पोरींले एकेकटं घेतलं, अन् आमच्या बाईनं बारा मायांले एकेकटं विचारलं. दोघायची चूक एकच, फक्त हिनं चहा पेऊन केली.

"अय्याजले बोलवा," इंदूबाई म्हणे. "आत्ताच निघू."

दुपारी चारले, पोडातले लोक कामावरून आल्यावर, आमी चावडीत बसलो. मधात कुडाची मोकळी झोपडी, वर गवताचं छप्पर, खाली सारवलेली जमीन. पुरुष एका बाजूले, बाया एका बाजूले, अन् पोडाचे नायक, म्हणजे मुखिया, लेतूबाबा मधात. साठी उलटलेला बारीकसा माणूस, आवाज एकदम हळू. कपिलसरनं मेळाव्यात पोरींची मुलाखत घेतली ती पाच-पाच मिनिटांची. पोडानं इंदूबाईची घेतली ती दोन तासांची! पोरगी आजारी पडली तर दवाखान्यात कोण नेते? होस्टेलात भात किती वेळा? मशिनीवर बसून पाठ दुखली तर उठू देता का? पोरगी चुकली तर तिले कोण बोलते, अन् किती जोरानं बोलते? मी आयुष्यात तीन नोकऱ्या केल्या, मले एकानंही एवढं विचारलं नाई, अन् मीही कोणाले विचारलं नाई.

इंदूबाई घामानं चिंब. सगळ्यायले उत्तर देऊन राह्यली. शेवटी लेतूबाबानं विचारलं, "पूजेच्या वेळी बाराही पोरींले सोडसान?"

"हाव! माहा शब्द आहे."

लेतूबाबा हसला. "बाई, तुहा शब्द चांगला आहे. पण तू एकटी आहेस. काल बारा घरी तुले हाव म्हणलं, काय झालं त्याचं? तुह्या कारखान्यात गेट बंद करणारा दुसरा, काम देणारा तिसरा. तू एकटीच हाव म्हणते. तुहं पोड कुठं आहे?"

मले असा राग आला! एवढ्या उकाड्यात दोन तास बसवून हे! मी तोंड उघडणार, तेवढ्यात पाहतो तर इंदूबाई हसून राह्यली. मोठ्यानं, पोट धरून.

"बरोबर आहे बाबा! एकदम बरोबर! उद्या आणतो माहं पोड."

परतीच्या रस्त्याले लागल्याबरोबर तिनं वामनरावसाहेबायले फोन लावला. साहेब तिकडून ओरडले ते मलेही ऐकू आलं. "मी? त्या जंगलात जाऊन मुलाखत द्यायची? कारखाना मी चालवतो का ते?"

"साहेब," इंदूबाई शांतपणे म्हणे, "ट्रक तुमी बुधवारचा बोलावला. मंगळवार अजून माहा आहे."

मंगळवारी सकाळी सातले कारखान्याच्या गेटासमोर दोन काळीपिवळ्या उभ्या. अस्मा, वैष्णवी, हंसाबाई, लाईनीतल्या बाराही बाया डबे घेऊन हजर, जशा काही लग्नाले निघाल्या. कपिलसर वही घेऊन आलता, त्याचं तोंड उतरलेलं. अन् साहेब? साहेबही आलते, पण "मी येणार नाही" हे सांगाले. ते सांगून होईपर्यंत हंसाबाई जीपमध्ये सरकली अन् म्हणे, "बसा ना साहेब, भल्ली जागा आहे." बाराही बाया त्यायच्याकडे पाहून राह्यल्या. साहेबायनं घड्याळ पाह्यलं, आभाळाकडे पाह्यलं, अन् बसले! हंसाबाई अन् लोणच्याची बरणी यायच्या मधात, तीन तास.

अन् मंग काय चावडी रंगली! काय सांगू तुमाले! पोडातली एक म्हातारी उठली अन् लाईनीतल्या बायांले विचारते, "आमच्या पोरी तीन दिवस पूजेले आल्या तर त्यायचं काम कोणाच्या अंगावर पडते? तुमच्याच ना? मंग तुमी त्यायच्यावर जळसान."

अस्मा उभी राह्यली. माही अस्मा, जी घरी पाहुणा आला तर आतल्या खोलीत पळे! "आजी, तीन दिवस नयनची कॉलर मी लावीन. पण ईदले मी नाई येणार. तवा माह्या बाह्या नयननं लावाच्या. जमते का?" नयन तिकडून म्हणे, "जमते."

"अन् तीजेले मी नाई!" हंसाबाई ओरडली. "श्रावणात आमच्या तांड्यावर तीज असते, मले तिथं नाचाले पाह्यजे म्हणजे पाह्यजे!"

वैष्णवी म्हणे, "चौदा एप्रिलले मी अन् इंदूमावशी दोघीही नाई, आत्ताच सांगून ठेवतो."

एकच हशा पिकला. ज्याले त्याले आपला सण आठवाले लागला. कपिलसर वही उघडून भराभर लिहून राह्यला. वामनरावसाहेब बोटं मोजून राह्यलते. मधातच ते चमकले. "थांबा, थांबा. म्हणजे सगळ्या एकदम कधीच जात नाहीत? एका गटाचा सण, तेव्हा बाकीच्या कामावर? अहो, दिवाळीत माझे बाकीचे सगळे विभाग चार दिवस ओस पडतात! ही लाईन तेव्हाही चालू राहील?"

"हेच तर मी चार वर्षांपासून करून राह्यली, साहेब," इंदूबाई म्हणे. "तुमी कधी विचारलं नाई."

साहेब पोडापुढं उभे राह्यले. पूजेचे तीन दिवस, बाराही पोरी, पगार न कापता. हाव म्हणले. कपिलसर उभा राह्यला. "मी 'पळाल्या' लिहिलं. ते चुकीचं होतं. मीच ते खोडतो," असं म्हणला. एकेक करून बाराही बाया हाव म्हणल्या. इंदूबाईच्या तोंडावर असा उजेड आला का विचारू नका.

तेवढ्यात लेतूबाबानं बोट केलं. "तो काल तुह्यासंग आलता, आज गाडीजवळच उभा आहे, तो कोण?"

"तो आमचा मेकॅनिक," इंदूबाई म्हणे. "मशीन बंद पडली का त्यालेच बोलावतो."

"मंग तो बाहेर काहून? तुह्या पोडाचा नाई का?"

आता एक गोष्ट, जी मी तुमाले आत्तापर्यंत सांगतली नाई. हिंमतच नव्हती. ज्या दिवशी पोरी गेटावर उभ्या होत्या, त्या दिवशी मी गेटावरूनच आत गेलतो. नयननं मले हाक मारलती. "काका, माहा फोन बंद पडला. इंदूमावशीले एक फोन लावा ना." अन् मी, चार दिवस बारा मशिनी बंद म्हणून तापलेलो, तिले म्हणलो, "पूजेले गेलत्या ना? तिथंच राहा आता. जंगलातल्या लोकायले कारखाना नाई जमत." अन् आत निघून गेलो. फोन नाई केला. एक फोन करतो तर हे काहीच झालं नसतं. हे मी इंदूबाईलेही सांगतलं नव्हतं, घरी अनवरीलेही नाई.

मी चावडीत गेलो. सगळं सांगतलं. सगळ्यायपुढं, माह्या पोरीपुढं. शेवटी म्हणलं, "नयन, बेटा, चुकलं माहं. लय चुकलं." इंदूबाई माह्याकडे नुसती पाहत राह्यली. चपलेनं मारलं असतं तर बरं वाटलं असतं. अस्मानं मान खाली घातली.

लेतूबाबानं नयनकडे पाह्यलं. म्हणजे आता सगळं त्या एकोणीस वर्षांच्या पोरीच्या हातात! ती उठली, माह्यापुढं आली अन् अगदी इंदूबाईच्या आवाजात म्हणे, "काका, पूजेच्या वेळी आमच्या मशिनी झाकून ठेवसान, दुसऱ्या कोणाले नाई देणार? मुंडी नका हलवू, तोंडानं सांगा. हाव का नाई?"

"हाव!" मी असा ओरडलो का झाडावरचे कावळे उडाले. पहिली हसली ती इंदूबाई, मंग सगळं पोड.

लेतूबाबा उभा राह्यला. त्यानं आपल्या लोकायले कोलामीत विचारलं, सगळीकडून एक आवाज उठला. मंग तो इंदूबाईकडे वळला. "पोड राजी आहे. पण आजपासून एक जरी पोरगी रडत परत आली, तर बाराही परत येतीन."

इंदूबाई ताडकन म्हणे, "बारा नाई बाबा, तेरा! तेरावी मी येईन. मले इथंच ठेवून घ्याल का?"

लेतूबाबा जवळ आला. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. वामनरावसाहेब माह्या कानात म्हणतात, "निजाम, गाव करी ते राव न करी." म्हणलं, साहेब, हे तुमाले आज कळलं!

बाराही पोरी मंगळवारी रात्रीच जीपांत दाटीवाटीनं बसून आमच्यासंग आल्या. बुधवारी सकाळी आठले ट्रक आला. ड्रायव्हर गेटापाशी उतरला अन् इंदूबाईलेच विचारते, "बाई, मशिनी कोणत्या भराच्या?"

तिनं त्याचा हात धरून त्याले सरळ लाईनीत नेलं. चोवीस मशिनी घरघरून राह्यलत्या! नयनच्या बाजूले अस्मा, अस्माच्या बाजूले हंसाबाई, कोणाची मान वर नाई. इंदूबाईनं त्या पोराले या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. प्रत्येक मशिनीपाशी थांबे अन् विचारे, "ही खाली आहे का? पाह्य. नीट पाह्य. ही आहे का?" चोवीस वेळा विचारलं तिनं. शेवटच्या मशिनीपाशी आवाज फुटला तिचा. आठ वर्षांत पहिल्यांदा मी त्या बाईले कांद्याशिवाय रडताना पाह्यलं.

ड्रायव्हर पार गोंधळला. "मंग मी खालीच जाऊ का, बाई?"

"खालीच जा रे बापू," ती पदरानं डोळे पुसत म्हणे. "पण चहा पेऊन जा."